डोंगरउतारावरचे धान्य

रायपूर शहरातील पंडरी हा भाग कापडाच्या ठोक बाजारासाठी साऱ्या छत्तीसगडात प्रसिद्ध आहे. २०२१ साली बसस्थानक भाठागाव येथे हलविले जाईपर्यंत शहराचे मोठे बसस्थानकही पंडरीतच होते. जगदलपूर, कांकेर, नगरी, कवर्धा, अंबिकापूर अशा दूरदूरच्या डोंगरी मुलखांतून निघालेला प्रवासी रायपुरात प्रथम येथेच उतरत असे. लुगडी, धोतरे आणि लग्नाचा बस्ता घेऊन तो परत जाई. मैदान आणि डोंगर यांची गाठ घालून देणारे असे ठिकाण दुसरे नव्हते.

रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीवर, महानदीच्या विस्तीर्ण मैदानात वसले आहे. या मैदानाला 'धानाचा कटोरा' म्हणतात आणि ते नाव सार्थ आहे. परंतु या कटोऱ्याचे काठ डोंगरांचे आहेत, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वायव्येस मैकल पर्वताची रांग, उत्तरेस सरगुजाची पठारे आणि त्यांतील मैनपाट, दक्षिणेस केशकाल घाट चढून गेल्यावर लागणारे बस्तरचे पठार व त्यापलीकडचा अबुझमाड असा हा परिसर आहे. ज्या महानदीच्या कालव्यांवर मैदानातील भात पिकतो ती महानदी सिहावाच्या डोंगरात उगम पावते. १९२३ साली पुरे झालेले मुरुमसिल्लीचे धरण आणि १९७० नंतरच्या दशकात बांधले गेलेले गंगरेलचे धरण ही दोन्ही याच डोंगरांकडून येणारे पाणी साठवितात. सारांश, मैदानातील भाताच्या ताटातील पाणी डोंगराचे आहे. मग त्या डोंगरावर राहणाऱ्या माणसाच्या ताटात काय असते?

हा प्रश्न एकट्या छत्तीसगडचा नाही. जगाच्या लोकसंख्येपैकी सुमारे पंधरा टक्के माणसे पर्वतीय प्रदेशांत राहतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेचा अंदाज असा की, विकसनशील देशांच्या डोंगराळ खेड्यांत राहणाऱ्या दर दोन माणसांपैकी एकाला पुरेशा अन्नाची शाश्वती नाही. २००३ सालापासून ११ डिसेंबर हा दिवस जगभर 'पर्वत दिन' म्हणून पाळला जातो, तो याच चिंतेतून. अँडीज पर्वतातील बटाटा असो वा हिमालयातील कुट्टू असो, कथानक थोड्याफार फरकाने एकच आहे. ज्या डोंगरांनी जगाला नाना प्रकारचे धान्य दिले त्याच डोंगरांत उपासमार अधिक आहे.

महाराष्ट्रीय वाचकाला हा मुलूख अगदीच परका वाटू नये. नागपूरकर भोसल्यांचे राज्य रायपूर-रतनपूरपर्यंत पसरले होते, आणि १९५६ पर्यंत नागपूर व रायपूर एकाच प्रांतात नांदत होती. बस्तरच्या बाजारात ऐकू येणाऱ्या हलबी बोलीची नोंद ग्रिअर्सनने आपल्या भाषिक पाहणीत मराठीच्या खंडात केली आहे! तेव्हा तेथील धान्यांची नावे कानाला वेगळी लागली तरी धान्ये ओळखीचीच निघतात. तेथला मडिया म्हणजे आपली नाचणी. कुटकी ही आपल्या वरईच्या जातीची. रामतिल म्हणजे कारळे. आणि कोदो म्हणजे कोकणातील जुन्या पिढीला चांगला आठवणारा हरीक.

उतार आणि पाणी

डोंगरातील शेतकरी जमिनीकडे ज्या बारकाईने पाहतो त्याची कल्पना मैदानातील माणसाला यावयाची नाही. बस्तरच्या पठारावर एकाच कुटुंबाच्या जमिनीला उतारानुसार चार नावे असतात. सर्वांत वरची, उघडी व खडकाळ ती मरहान. तिच्या खालची हलकी जमीन ती टिकरा. मधल्या पातळीवरची ती माल. आणि दोन टेकाडांमधील खोलगट भागात, जेथे वरचे सारे पाणी व गाळ येऊन थांबतो, ती गभार. रायपूरकडील मैदानात अशीच परंतु निराळी नावे आहेत. खडीच्या, लालसर, पाणी न धरणाऱ्या जमिनीला तेथे भाठा म्हणतात. पंडरीचे बसस्थानक ज्या भाठागावी गेले त्याच्या नावातही तो शब्द दिसतो.

या चार पायऱ्यांवर एकच पीक घेणे शक्य नाही आणि शहाणपणाचेही नाही. मरहान व टिकरा जमिनीवर कोदो, कुटकी, मडिया, कुळीथ, रामतिल ही पिके येतात. त्यांना मातीचा पातळ थर पुरतो आणि पाण्याचा खंड पडला तरी ती तग धरतात. टिकऱ्याच्या खालच्या अंगास दोन-तीन महिन्यांत हाती येणारा हळवा भात पेरतात. माल जमिनीत मध्यम मुदतीचा आणि गभारात चार-पाच महिने घेणारा गरवा भात. पाऊस कमी झाला तर गभारात निदान काही ओल राहते, म्हणून तेथला भात वाचतो. अतिवृष्टी होऊन गभार बुडाले तर वरच्या उतारावरील कोदो-कुटकीला धक्का लागत नाही. विमा कंपनीचे नावही कानावर न आलेल्या माणसाने शेकडो वर्षांच्या अनुभवातून बसविलेली ही विम्याची घडी आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

तीच घडी काळाच्या बाबतीतही आहे. पावसाळ्याच्या मध्यावर घरातील साठा संपतो. नव्या पिकाला अवकाश असतो. हे दिवस डोंगरात सर्वांत कठीण. अशा वेळी सर्वांआधी तयार होते ती कुटकी. तिच्यामागून हळवा भात व मडिया, मग कोदो, आणि थंडी पडल्यावर गभारातील गरवा भात. बस्तरमध्ये नवे धान्य प्रथम देवाला दाखवून खाण्याचा नवाखानीचा सण होतो. त्याच्या आनंदामागे महिनाभराची भूक उभी असते, हे शहरातील पाहुण्याच्या लक्षात येत नाही.

शेत जे देत नाही ते अरण्य देते. पहिला पाऊस पडला की सालवृक्षांच्या खाली बोडा नावाची भूछत्रे निघतात. पाठोपाठ बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना बस्तरमध्ये बास्ता म्हणतात. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले, मग चारोळी, तेंदूची फळे, चिंच. उन्हाळ्यात कामावर जाणारा माणूस सुक्या भोपळ्याच्या तुंब्यात मडियाची पेज भरून घेतो. दुपारी तीच त्याचे पाणी आणि तेच त्याचे जेवण. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर गिरणीत पॉलिश केलेल्या तितक्याच तांदळात ते दहाच्या आसपासच. ही गोष्ट आहारशास्त्राने पुढे मोजून सांगितली. वाढत्या मुलांना आणि लेकुरवाळ्या आईला पेज पाजणाऱ्या घराला ती आधीच ठाऊक होती.

मैकलच्या डोंगरांत बैगा लोकांची शेती याहूनही निराळी होती. ते नांगर धरीत नसत, कारण धरित्रीमातेची छाती फाडणे त्यांना पाप वाटे. उतारावरील झाडोरा तोडावा, वाळल्यावर जाळावा, आणि राखेत पावसाच्या तोंडावर कोदो, कुटकी, मडिया, कांग, सावा, मका, तूर, वाल असे डझनाहून अधिक प्रकारचे बी एकत्र फोकावे, ही त्यांची 'बेवर' पद्धत. दोन-तीन वर्षांनी ते शेत अरण्याला परत द्यावयाचे आणि दुसरीकडे जावयाचे. बस्तरच्या अबुझमाडात हिलाच 'पेंडा' म्हणतात. कोकणातील दळी आणि सह्याद्रीतील कुमरी ही याच घराण्यातली. इंग्रज वनखात्याला ही शेती मुळीच रुचली नाही. १८९० साली मंडला जिल्ह्यातील काही गावांचे 'बैगाचक' आखून तेवढ्यातच तिला मुभा ठेवण्यात आली. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या बैगांवरील ग्रंथात या बंदीने झालेला त्यांच्या जीवनाचा ओढाताणीचा भाग सविस्तर आला आहे.

बेवरचा पुरस्कार करावा असे येथे सुचवावयाचे नाही. माणसे वाढली आणि रान आटले म्हणजे शेत विसावण्याची वर्षे कमी होतात. मग राख धुऊन जाते, पाठोपाठ माती जाते, आणि शेवटी दगड उघडा पडतो. परंतु वनखात्याने त्या पद्धतीतील आग तेवढी पाहिली. त्या आगीच्या राखेत पंधरा धान्ये एकत्र उगवत होती आणि त्यांपैकी निदान सहा-सात तरी कोणत्याही वर्षी हाती लागत होती, ते मात्र कोणी पाहिले नाही.

रायपूरचे भांडार

ज्या माणसाने हे पाहिले तो स्वतः भाताचा पंडित होता. डॉ. आर. एच. रिछारिया हे १९५९ पासून कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक होते. परदेशातून आणलेल्या बुटक्या भाताच्या वाणांबरोबर नवे रोगही देशात येतील, आणि आपल्याकडील वाणांतच उत्तम उत्पन्न देणारे शेकडो आहेत, असे त्यांचे ठाम मत होते. त्या मतापायी १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना संचालकपद गमवावे लागले. १९७१ साली तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने रायपूर येथे भात संशोधनाची स्वतंत्र संस्था काढून ती त्यांच्या हाती दिली. साधने तुटपुंजी, माणसे थोडी. तरीही काही वर्षांत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून भाताचे एकोणीस हजारांवर नमुने गोळा केले. केवळ बी आणले नाही, तर ते कोणत्या जमिनीत पेरतात, किती दिवसांत येते, शेतकरी त्याला काय म्हणतो, हेही टिपून ठेवले.

ती नावेच वाचीत बसावे अशी आहेत. दुबराज, जीराफूल, विष्णुभोग, बादशाहभोग, लोकटी माछी, गुरमटिया, लुचई. सांधे दुखत असता गठुवन भात खावा, बाळंतिणीला महाराजी द्यावा, असा लोकांचा समज. दर मैलावर पाणी बदलते म्हणतात, तसे येथे दर टेकाडावर भात बदलत होता. बस्तरला लागूनच असलेल्या ओडिशातील जयपूर-कोरापूट या डोंगराळ पट्ट्यात १९५५ ते १९६० या काळात भाताची अशीच पाहणी झाली होती, आणि साडेसतराशेच्या आसपास वाण मिळाले होते. चाळीसएक वर्षांनी पुन्हा शोध घेतला तेव्हा त्यांतील थोडकेच शेतात उरले होते.

रिछारियांची संस्था १९७० च्या दशकातच बंद पडली. नमुने मात्र रायपुरातच राहिले, आणि १९८७ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे आले. आज तेथील भाताच्या संग्रहात तेवीस हजारांवर नमुने आहेत, आणि जगातील मोठ्या भातसंग्रहांत त्याची गणना होते. २००२ साली सिंजेंटा या परदेशी बियाणे कंपनीशी विद्यापीठाचा करार होऊ घातला होता. त्यायोगे हा संग्रह कंपनीला खुला होईल, या शंकेने शेतकरी व नागरिक रस्त्यावर आले, आणि बोलणी मोडली. रिछारिया १९९६ सालीच निवर्तले होते, परंतु लोकांच्या तोंडी त्या दिवसांत त्यांचे नाव होते. विद्यापीठातील एका प्रयोगशाळेला आता ते नाव दिलेले आहे.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. शीतगृहातील बी जिवंत असते, पण ते थांबलेले असते. शेतातील बी दरवर्षी त्या वर्षीच्या पावसाशी, किडीशी, उन्हाशी झुंजते आणि किंचित बदलते. म्हणूनच रिछारियांचा आग्रह असा होता की, प्रत्येक भागात लहान लहान भातकेंद्रे असावीत, आणि तेथील वाण तेथल्याच शेतकऱ्याच्या हातून, तेथल्याच मातीत पिकत राहावे. ही योजना मोठ्या प्रमाणावर कधीच अमलात आली नाही. आपल्याकडे अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी, कोणाचा ग्रंथ न वाचता, घरच्या मातीच्या मडक्यांतून हेच केले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा शहरातील लोकांना देशी बियाण्याची आठवण झाली.

शिध्याचा तांदूळ

आता या चित्राची दुसरी बाजू. २०१२ च्या डिसेंबरात छत्तीसगडने स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला. देशाचा कायदा त्यानंतर, २०१३ साली आला. गरीब कुटुंबाला महिन्याला पस्तीस किलो तांदूळ नाममात्र दराने मिळू लागला. रस्ता नाही अशा डोंगरी गावांतही शिधा पोहोचविण्याची खटपट झाली, आणि या व्यवस्थेची देशभर वाखाणणी झाली. ती योग्यच होती. कुटकी पिकण्याआधीचे ते उपाशी दिवस ज्याने पाहिले असतील तो या तांदळाला नावे ठेवणार नाही.

परंतु प्रत्येक सोयीला किंमत असते. स्वस्त तांदूळ दारात आल्यावर उतारावरची कोदो-कुटकी कोणी पेरावी? तिचे उत्पन्न एकरी जेमतेम दोन-चार क्विंटल. उलट भाताला सरकारी खरेदीची खात्री. छत्तीसगडमध्ये २०२३-२४ च्या हंगामात भाताला क्विंटलमागे ३,१०० रुपये आणि एकरी २१ क्विंटलपर्यंत खरेदी, अशी व्यवस्था झाली. कोणीही व्यवहारी माणूस बांध घालून उतारावरही भातच लावू पाहील, आणि तसे झालेही.

तरीही भाव हे सर्व कारण नव्हे. खरे कारण स्त्रियांना विचारावे. कोदोच्या दाण्यावर एकावर एक टरफले असतात. ती काढावयाची म्हणजे प्रथम मातीच्या जात्यावर भरडणे, मग पाखडणे, मग ढेकीखाली कांडणे, पुन्हा पाखडणे. चार माणसांच्या एका जेवणासाठी घरातल्या बाईचे दोन-तीन तास जातात, आणि ते शेत, पाणी, सरपण, मुले यांच्या वर. शिध्याच्या दुकानातील तांदूळ तिने आनंदाने घेतला यात नवल काय? भरडधान्याची थोरवी सांगणाऱ्या सभांतून वक्ते बहुधा पुरुषच असतात. कांडण ज्यांच्या वाट्याला आले नाही त्यांनी या धान्याचे गोडवे जरा बेताने गावेत हे बरे.

कोदोचे आणखी एक जुने दुखणे आहे. ओल्या हवेत त्यावर बुरशी धरली तर दाणा विषारी होतो आणि खाणाऱ्याला घेरी येते. कोकणातही हरीक जपूनच खात असत. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मध्य प्रदेशातील बांधवगडच्या अरण्यालगत कोदोच्या शेतात चरलेले दहा हत्ती दगावले. तपासात याच बुरशीचे विष आढळले. मात्र नीट वाळवून ठेवलेला कोदो वर्षानुवर्षे टिकतो. त्याला कीड लागत नाही. दुष्काळाची शिदोरी म्हणून कणगीत कोदो ठेवण्याची चाल होती, ती यामुळेच.

२०२१ साली संयुक्त राष्ट्रसंघाने भारताच्या सूचनेवरून २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळण्याचे ठरविले. त्याच वर्षी छत्तीसगडने आपली 'मिलेट मिशन' ही योजना काढली. केंद्राच्या आधारभूत किमतीच्या यादीत ज्वारी, बाजरी आणि नाचणी होती, पण कोदो-कुटकीला जागा नव्हती. राज्याने कोदोला क्विंटलमागे ३,००० रुपये भाव जाहीर केला, आणि मोह-चारोळी विकत घेणाऱ्या लघुवनोपज संघावर तिच्या खरेदीचे काम सोपविले. ही निवड मार्मिक होती, कारण डोंगरातील बाई मोह आणि कुटकी एकाच टोपलीत घालून बाजारात येते. कांकेर जिल्ह्यात नथिया नवागाव येथे या धान्यांवर प्रक्रिया करणारा मोठा कारखाना उभा राहिला. तथापि, कारखान्यात सडलेली कुटकी सुंदर पुडक्यातून रायपूर-मुंबईच्या दुकानांत जाते. मरहानावर ती पिकविणाऱ्या घराला कांडणातून सुटका हवी असेल तर गावात, दोन-चार गावांमिळून का होईना, टरफल काढण्याचे लहान यंत्र पाहिजे. अशी यंत्रे निघाली आहेत, काही ठिकाणी बचतगटांच्या हाती पोहोचलीही आहेत. जेथे यंत्र आले तेथे बायका कोदो पुन्हा पेरावयास तयार होतात, आणि जेथे आले नाही तेथे केवळ भाषणांनी तयार होत नाहीत.

पीक टिकावयाचे तर त्याला नवे हातही मिळतात, याचे उदाहरण मैनपाटात पाहावयास मिळते. १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तेथे तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. हजार मीटर उंचीच्या त्या थंड पठारावर त्यांनी आपल्या ओळखीचा कुट्टू पेरला. आता आसपासचे शेतकरीही त्याला 'टाऊ' म्हणून पेरतात, आणि हिवाळ्याच्या तोंडावर सारा माळ पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरून जातो. आपण उपासाला जे कुट्टूचे पीठ खातो त्याचाच हा दाणा.

डोंगरातील भातानेही अलीकडे थोडे डोके वर काढले आहे. सरगुजाच्या जीराफूल तांदळाला २०१९ साली भौगोलिक नामाधिकार मिळाला, आणि २०२३ साली नगरीच्या दुबराजाला. महानदीच्या उगमाजवळचा हा नगरी-सिहावा भाग. दुबराजासाठी अर्ज करणारा गट त्या भागातील स्त्रियांचा होता. दुबराजाचा दोष एकच. तो उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो आणि तयार व्हावयास फार दिवस घेतो. मुंबईजवळच्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने आणि रायपूरच्या कृषी विद्यापीठाने मिळून त्याच्या बियांवर किरणांचा प्रयोग केला आणि त्यातून कमी उंचीचा, लवकर येणारा दुबराज काढला. गंध पुष्कळसा तोच आहे. मूळचा उंच दुबराज मात्र नगरीच्या बाजूस काही घरांनी अद्याप सोडलेला नाही. त्याचा लांब पेंढा छपराला आणि गुरांना लागतो, आणि बुटक्या भाताला तेवढा पेंढा येत नाही.